भूल दिल्याची नोंद नाही

अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एखाद्याच्या बरगड्यांमधून नळी घातली जाते. तिथला डॉक्टर नंतर बसून त्याबद्दल जे काही लिहितो, ते काही दिवसांनी मरोळच्या आमच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर येतं. मी ते वाचते आणि त्याला आकडा लावते. छातीत नळी घातली तर एक आकडा, नुसत्या सुईने पाणी काढलं तर दुसरा, छाती उघडून हृदय हाताने दाबलं असेल तर तिसरा. त्या आकड्यांवरून तिथलं हॉस्पिटल विमा कंपनीला बिल पाठवतं. या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात आणि त्यातले इमर्जन्सी विभागाचे छातीचे चार्ट माझ्या टीमकडे असतात. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटतं की मी टायपिंग करते. त्यांना समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलं.

आकडा लावताना माणूस वाचायचा नसतो, क्रियापद वाचायचं असतं. काय घातलं, काय कापलं, काय काढलं. माणूस गाडीखाली आला की त्याला कुणी भोसकलं, वाचला की गेला, याने नळीच्या आकड्यात फरक पडत नाही. नव्याने लागलेल्या मुली पहिले काही महिने चार्टच्या शेवटापर्यंत जातात, मग डोळे पुसत वॉशरूमला जातात. मी त्यांना ओरडते. ओरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते नाव फारसं चुकीचं नाही.

आमच्या धंद्याचा एकच कायदा आहे. लिहिलेलं नाही म्हणजे केलेलं नाही. डॉक्टरने सोनोग्राफी मशीन लावून नळी घातली असेल, पण तसं लिहिलं नसेल, तर मशीन लावलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना नळ्या घातल्या आणि एकच बाजू लिहिली, तर दुसऱ्या बाजूला काहीच घडलं नाही. एखादी मुलगी म्हणते, मॅडम, पण केलंच असणार ना. मी विचारते, तू होतीस का तिथे?

हा कायदा मी घरीही आणला होता. बाबांना दमा होता. तरुणपणी काही वर्षं गिरणीत बदली कामगार म्हणून कापसाची धूळ खाल्ली, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्याच एमआयडीसीत फिटर म्हणून लागले, आणि बिडी दोन्हीकडे सोबतीला होती. सकाळी ऑफिसला निघताना मी विचारायचे, बाबा, पंप घेतलात का? ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, लिहिलंय का कुठे? नाही ना? मग नाही घेतला. आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकत सुटायचे. आई आतून ओरडायची की सकाळी सकाळी त्यांना हसवू नकोस.

तो रविवार होता. बाबा बाजारातून बांगडे घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच खाली बसले. जिना चढून दम लागला असेल असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. तोंड उघडं होतं आणि श्वास आत जात नव्हता. उजवा हात त्यांनी उजव्याच बरगडीवर दाबून धरला होता. मी तो हात बघितला आणि मला कळलं. इतकी वर्षं असली वर्णनं वाचत आले होते. दमेकऱ्याचं फुप्फुस कधी कधी एका जागी फुटतं, हवा बाहेर छातीत भरत जाते आणि फुप्फुस तिच्याखाली चेपलं जातं. अशा माणसाला तातडीने नळी लागते. रिक्षात मी एकाच गोष्टीचा जप करत होते, नळी, नळी, नळी. रिक्षावाल्याला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

जवळचं हॉस्पिटल कुणा ट्रस्टचं होतं. कॅज्युअल्टी तळमजल्यावर. त्यांनी बाबांना आत घेतलं, आम्हाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि नातेवाइकांपैकी एकाने पलीकडच्या इमारतीत जाऊन कागद करून यावेत, म्हणाले. मी आईला बाकावर बसवलं आणि गेले. बाबांचं मेडिक्लेम माझ्या कंपनीकडून होतं, कार्ड माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर हेच एक काम तिथे मला येत होतं.

मेडिक्लेमच्या खिडकीतल्या माणसाने फॉर्मवर आजाराच्या जागी नुसतं दम लागणे असं लिहिलं. माझं डोकं सटकलं. मी त्याला म्हटलं, असं लिहिलंत तर कंपनी उद्या जुना दमा म्हणून हात वर करेल, फुप्फुस फुटलंय असं लिहा. तो म्हणाला, डॉक्टरांनी अजून लिहून दिलेलं नाही. आमची तिथे बराच वेळ जुंपली. शेवटी त्याने आत फोन लावला, खात्री केली आणि मला हवं तसं लिहिलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली असेल.

परत आले तेव्हा आत सगळं उरकलं होतं. बाबांच्या उजव्या कुशीतून जाड नळी निघून खाली जमिनीवरच्या बाटलीत गेली होती आणि बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत होते. त्यांना गुंगीचं औषध देऊन तोंडातून वेगळी नळी घालून मशीनवर ठेवलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. आई बाहेरच्या बाकावर तशीच बसली होती, बाबांच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेऊन. मी तिला सांगितलं की नळी बसली, आता हवा निघून जाईल, आता बरं वाटेल.

बाबांना शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. गावाहून काका आले, आत्या आली. कुणी काय करायचं हे सांगायला माणसांची कमी नव्हती आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडायचं सुचत नव्हतं. मग एक एक करत सगळे गेले. घरात आम्ही दोघीच उरलो.

एका दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. आई मुंबईत जन्म घालवूनही बोलायला लागली की मधूनच मालवणीत उतरते, आणि मनातलं असेल तर नक्कीच. ताटातून नजर न काढता तिने विचारलं, "कापूच्या आधी बधिर केलेल्यानी काय गो तेंका?"

मी म्हटलं, "केलंच असेल ना."

"तुका कागद वाचूक येतत. वाचून सांग."

तिने माझ्याकडे उभ्या जन्मात माझ्या कामातलं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आणि मला तो प्रश्न अगदी सरळ वाटला. नवऱ्याला शेवटच्या दिवसांत फार सोसावं लागलं का, हे कुठल्या बाईला जाणून घ्यावंसं वाटणार नाही? मलाही जाणून घ्यायचं होतं. इतकंच की मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

क्लेमसाठी फाइलची प्रत घ्यायची होतीच. ती घेऊन आले, दार लावून बसले. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीचा कागद म्हणजे एकच पान. घाईघाईत लिहिलेलं, अर्धे शब्द तोडलेले. श्वास किती, नाडी किती, प्राणवायू किती. आणि मधोमध एक ओळ, उजव्या बाजूला नळी टाकली, नळीतलं पाणी हलतंय, बुडबुडे आहेत. खाली सही. बस, एवढंच.

अमेरिकेतला डॉक्टर नळी घालतो तेव्हा अर्धं पान लिहितो. पेशंटला समजावलं, संमती घेतली, कातडी पुसली, बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, बरगड्यांच्या मधे छेद घेतला, बोट घालून वाट मोकळी केली, नळी घातली, टाक्याने बांधली. ते इंजेक्शनचं वाक्य प्रत्येक चार्टमध्ये असतं. त्याला वेगळा आकडा नसतो, नळीच्या आकड्यातच ते धरलेलं असतं, म्हणून ते आलं की माझी नजर त्यावरून पुढे सरकते. बाबांच्या कागदावर ते वाक्य नव्हतं. मी पान उलटलं, औषधांचा तक्ता पाहिला, सिस्टरांच्या नोंदी पाहिल्या. कुठेही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, लिहायचं राहिलं असेल. इतर कुणीही तसंच म्हटलं असतं. पण मी इतर कुणी नव्हते. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात ‘राहिलं असेल’ नावाची जागाच उरली नव्हती. मी वाचलं आणि माझ्या लेखी निकाल लागला. माझ्या बापाची कूस त्यांनी जागेपणी, काही न देता, तशीच कापली. बोट घालून वाट मोकळी केली. मी तेव्हा पलीकडच्या इमारतीत एका माणसाला आजाराचं नाव कसं लिहायचं ते शिकवत होते.

आईला मी सांगितलं की फाइल अजून मिळाली नाही. तिने मान हलवली आणि पुन्हा काही दिवसांनी विचारलं. मी म्हटलं, अक्षर लागत नाही, ऑफिसात कुणाला तरी दाखवते. ती रोज विचारत नव्हती, पण मी घरात आले की माझ्या तोंडाकडे बघायची. कधी कधी रोज विचारलेलं परवडतं.

ऑफिसात तर वाट लागली होती. चार्ट उघडला की तेच वाक्य समोर. टेक्सासमधल्या कुणा दारुड्याला इंजेक्शन दिलं होतं. तुरुंगातून आणलेल्या कुणाला दिलं होतं. एका नव्वदीच्या म्हातारीला दिलं होतं आणि पुरेसं झालं का असं विचारून आणखी थोडं दिलं होतं. मी त्या अनोळखी माणसांचा दुस्वास करायला लागले. ही काही चांगली गोष्ट नाही, पण तसं झालं खरं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी माझी मैत्रीण माझ्याबरोबरच या कंपनीत लागली. आधी ती गोरेगावला एका नर्सिंग होममध्ये सिस्टर होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझा डबा तसाच बंद बघितला आणि मला फैलावर घेतलं. मी तिला फाइलच्या पानाचा फोटो दाखवला. तिने तो एकदा वाचला आणि कपाळावर हात मारला.

"यार, तू वेडी आहेस का? आपल्याकडे कोण लिहितं हे? बाहेर दहा पेशंट ओरडतायत, तो काय निबंध लिहीत बसणार? बधिर करायचं लोकल इंजेक्शन देतातच गं. लिहीत नाहीत."

"तू होतीस तिथे?" मी म्हटलं.

तिला राग आला. मला आणखी आला. मग तिनेच तोडगा काढला. म्हणाली, मग टाक क्वेरी.

क्वेरी म्हणजे आमच्याकडची एक रीत. चार्टमध्ये काही अर्धवट असलं की आम्ही तिथल्या डॉक्टरला प्रश्न पाठवतो. पण त्या प्रश्नाला एक अट असते. डॉक्टरच्या तोंडी उत्तर घालायचं नाही. तुम्ही दोन्ही बाजूंना नळ्या घातल्या ना, असं विचारणं हा गुन्हा. काय केलंत ते स्पष्ट कराल का, एवढंच विचारायचं. कारण घाईतल्या माणसाने ‘ना’ ऐकला की तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि मग ते ‘हो’ कशाचंच राहत नाही. या एका अटीवरून मी मुलींना किती छळलं असेल त्याला गणती नाही.

मैत्रीण मात्र मला उलटं बजावत होती. "हे बघ, तिथे जाऊन शहाणपणा करू नकोस. इंजेक्शन दिलं होतं ना डॉक्टर, असं विचार, तो हो म्हणेल, तू घरी जाऊन आईला सांग. संपलं."

मी म्हटलं, बघू.

कागदावरच्या सहीवरून डॉक्टर शोधणं कठीण नव्हतं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनी त्याची ड्युटी कधी असते ते सांगितलं. मी अर्धी सुट्टी टाकून गेले. तिशीसुद्धा न गाठलेला मुलगा होता तो, डोळ्यांखाली काळं, पायात रबरी सपाता. मी बाबांचं सांगितल्याबरोबर तो ताठ झाला. कम्प्लेंट करायचीय का, विचारलं त्याने. त्याची चूक नव्हती. असं मागाहून शोधत येणारे नातेवाईक बहुतेक भांडायलाच येतात. मी म्हटलं, कम्प्लेंट नाही, माझ्या आईला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. त्याने मला बाहेर जिन्यापाशी नेलं.

तो ‘ना’ माझ्या जिभेवर आलेला होता. दिलं होतं ना? तीन शब्द. तो हो म्हणाला असता आणि मी रिक्षात बसले असते. पण सवय काही माणसाला सोडत नाही. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना नळी घातलीत तेव्हा नक्की काय काय केलंत, सांगाल का?"

त्याने आधी सगळं नियमाप्रमाणे केलं वगैरे सांगितलं. मग तो जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर सगळंच बोलला.

"लोकल दिलं होतं मॅडम. लिहायचं राहिलं. पण खरं सांगू का, मी थांबलो नाही. ते चढायला थोडा वेळ जातो. त्यांच्याकडे तो नव्हता, निळे पडत चालले होते. सुई काढली आणि लगेच ब्लेड घेतलं."

ते शुद्धीत होते का, मी विचारलं.

होते, म्हणाला. दोघांनी धरून ठेवावं लागलं. नळी आत गेल्यावर हवा सुटली, थोडे सुधारलेही, पण मग श्वासच थकला आणि मशीनवर घ्यावं लागलं. तो म्हणाला की पुन्हा तशी वेळ आली तर तो पुन्हा तसंच करेल. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याने मला पाणी हवंय का विचारलं आणि आतून कुणीतरी हाक मारली तसा तो गेला.

मेट्रोच्या पुलाखाली मी कितीतरी वेळ उभी राहिले. माझा निकाल चुकला होता. इंजेक्शन दिलं होतं. आणि तरी मी कल्पना केली होती तेच सगळं झालं होतं, काहीही कमी नाही. मला रडू आलं ते तिथे, घाटकोपरच्या गर्दीत, आणि कुणी ढुंकूनही बघितलं नाही ते बरंच झालं. मग मी ठरवलं. आईला यातलं अर्धंच सांगायचं. अर्धं तर खरं होतंच.

घरी आले. आई ओट्याशी उभी होती. मी चप्पल काढत असतानाच तिने विचारलं की भेटला काय. तिला न सांगता गेले होते, पण तिला कळलं होतं. आयांना कळतं.

"भेटला," मी म्हटलं. "दिलं होतं गं इंजेक्शन. लिहायचं राहिलं, एवढंच. त्यांना काही दुखलं नाही."

आईने गॅस बंद केला. ओट्याला पाठ लावून ती माझ्याकडे वळली.

"दुखलां नाय?"

"नाही."

"मग माका हाक कशाक मारल्यानी?"

मला काही कळेना. मग ती हळूहळू सांगत गेली, आणि हे ती इतके दिवस पोटात घेऊन बसली होती. मी कागद करायला गेल्यावर थोड्याच वेळात बाबांनी आतून तिला हाक मारली होती. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, होता नव्हता तेवढा श्वास लावून, मोठ्याने. दार उघडंच होतं, मधे नुसता पडदा. वॉचमनही तेवढ्यात कुठेतरी गेला होता. तिला अडवणारं कुणीच नव्हतं. तिला वाटलं, डॉक्टर रागावतील, आपल्या जाण्याने त्यांचं काम बिघडेल. बाबांच्या चपला मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"मी उठलंय नाय," ती म्हणाली.

नंतर तिने स्वतःची समजूत घातली होती की कापताना माणूस ओरडतोच, तोंडाला येईल ते नाव घेतो, कुणी आईचं घेतं, कुणी देवाचं. ते ओरडणं दुखण्याचं होतं, तिला बोलावण्याचं नव्हतं. फक्त हे तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. बधिर केलंच नव्हतं, फार दुखलं, असं मी सांगितलं असतं तर तिचा जीव थोडा हलका झाला असता. ती तेवढ्याचसाठी मला पुन्हा पुन्हा विचारत होती. आणि मी येऊन सांगितलं की त्यांना काहीच दुखत नव्हतं. म्हणजे बाबा तिलाच बोलावत होते. शेवटचं. आणि ती पडद्याबाहेर बसून राहिली होती.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, आई, मी खोटं बोलले. मग डॉक्टरने जे जे सांगितलं ते सगळं सांगितलं. इंजेक्शन चढलंच नव्हतं, लगेच कापावं लागलं, दोघांनी धरून ठेवलं. खूप दुखलं त्यांना, म्हणून ओरडले ते. स्वतःच्या बापाच्या वेदना मी तिला एकेक करून मोजून दाखवत होते आणि ती माझा चेहरा निरखत होती. काहीतरी शोधत होती त्यात. मी थांबल्यावर तिने हात सोडवून घेतले.

"आता माझ्यासाठी सांगतंस तू ह्यां," ती म्हणाली.

मी शपथ घेतली. त्या डॉक्टरकडे तुला घेऊन जाते म्हटलं, त्याच्या तोंडून ऐक. ती म्हणाली, तू सांगून ठेवलं असशील, तोही तसंच सांगेल. तिचा आवाज रागाचा नव्हता. तिने गॅस परत पेटवला.

त्याला आता बरेच महिने झाले. ती तो विषय क्वचितच काढते. कधी रात्री निजताना, कधी दुपारी पडल्या पडल्या, मधेच विचारते की खरंच दुखलं होतं ना त्यांना. मी म्हणते, हो आई, खूप दुखलं होतं. माझे बाबा जाताना किती कळवळले हे माझ्या आईला पटवून द्यायचं, हे एक काम आता माझ्या वाट्याला आलेलं आहे, आणि ते मला जमत नाही. ती बरं म्हणते आणि कूस बदलते.